मेटवाडीच्या अकरा पायऱ्या

१

दगड बसवला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावरून हात फिरवायचा, ही महिपती पाथरवटाची सवय होती. त्याच्या बापाचीही होती. चहा पोटात जाण्याआधी आदल्या दिवशीच्या दगडावर तांब्याभर पाणी ओतायचं, ते कुठं थांबतं नि कुठून वाहतं ते बघायचं, आणि मग डोळे मिटून त्याच्यावर तळवा फिरवायचा. डोळ्यांना उन्हासावलीत भास होतात, तळव्याला होत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

महिपती मूळचा फलटणकडचा. दुष्काळात बायकोला, गोजरला, घेऊन अंबरनाथला आला आणि जुन्या शिवमंदिराजवळ ओढ्याच्या काठी झोपडं बांधून राहिला. स्वराज्य आलं, कल्याण कँपात निर्वासित आले, आणि त्यांच्या बराकींना ओटे नि पायऱ्या करण्यात त्याची चार वर्षं बरी गेली. कँपातले सिंधी त्याला उस्ताद म्हणत. पुढं तिथलं काम ओसरलं, आणि ऐन पौषात मेटवाडीचा हिरामण गुरव त्याला शोधत दारात येऊन उभा राहिला.

मेटवाडी बदलापूरच्या मागं, बारवी नदीच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर आहे. एके काळी घाटवाटेवरची चौकी होती. चौकी गेली, वाडी राहिली. तीसेक घरं कुणब्यांची, पाठीमागं ठाकरांची खोपटी आणि एक घर मुसलमानाचं. वाडीच्या वर एक सपाट माची आहे. तिथं तीन देवस्थानं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. एकीकडं भैरोबाचं देऊळ, दुसरीकडं पिराचा दर्गा, आणि कडेला हेद्याच्या झाडाखाली ठाकरांचा वाघदेव, म्हणजे शेंदूर फासलेला एक उभा दगड. तिन्हींना जायला दगडी पायऱ्यांची वाट मात्र एकच. तिच्या सगळ्यात वरच्या अकरा पायऱ्या आजोबा-पणजोबांच्या काळात दरडीनं नेल्या होत्या. तेव्हापासून सगळे बाजूच्या बकऱ्यांच्या वाटेनं वळसा घालून जात. गेल्या पावसाळ्यात त्या वाटेवर तिघं घसरून पडली. एक कुणबी, एक ठाकर आणि दर्ग्याची झाडलोट करणारी म्हातारी हवाबी. मग तिन्ही समाज एका ओट्यावर बसले. दगड कुणब्यांच्या खाणीतला, तो वर चढवायचा ठाकरांनी, आणि मिस्त्रीची राहण्याजेवणाची सोय हवाबीच्या पडवीत, असं ठरलं.

सोमवारी महिपतीनं पहिली पायरी बसवली. काळा, घट्ट दगड. वरच्या अंगाला टाकीचे बारीक घाव घातले, पाय घसरू नये म्हणून. पाणसळ लावून सपाटी बघितली. तरट भिजवून वर अंथरलं आणि खाली आला.

मंगळवारी सकाळी त्यानं तरट उचललं, पाणी ओतलं. पाणी वाहून गेलं नाही. पायरीच्या मधोमध, जरा आतल्या बाजूला, ते साचून राहिलं. त्यानं डोळे मिटून हात फिरवला, आणि तळवा अर्ध्या पेराएवढा खाली गेला.

२

खळगा पाट्याच्या पोटासारखा गुळगुळीत होता. तेवढ्या जागेतले टाकीचे घाव नाहीसे झाले होते. त्याच्या अवतीभवती मात्र ते कालच्यासारखे ताजे होते, बोटाला टोचत होते.

अशा पायऱ्या महिपतीनं आयुष्यभर बघितल्या होत्या. अंबरनाथच्या देवळाच्या उंबऱ्यात तसा खळगा होता, आणि तो पडायला किती पिढ्यांचे पाय लागले असतील ते त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की आपण चुकून दरडीखालचा जुना दगड उचलला. पण तो दगड त्यानं स्वतः घडवला होता. पायरीच्या बाजूला, वाकल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी, त्याची खूण होती. मग तो म्हणाला, दगडात माती असेल, पोटात पोकळ असेल, रात्रीच्या दवानं बसला असेल. पाथरवटाला हे असलं काही पटणारं नव्हतं, पण त्यानं पटवून घेतलं आणि दुसरी पायरी बसवली.

बुधवारी दुसरीतही खळगा होता. तरट जसंच्या तसं, चारी कोपऱ्यांवरचे धोंडे न हललेले, आणि खाली दगड झिजलेला.

तिसऱ्या पायरीला त्यानं खाणीतला सगळ्यात हट्टी दगड निवडला. तो घडवताना दोन टाक्या बोथट झाल्या. गुरुवारी सकाळी त्याचीही तीच गत.

त्या दिवशी हिरामण पूजा उरकून बकऱ्यांच्या वाटेनं उतरत होता. महिपती पायरीवर उकिडवा बसलेला बघून तो जवळ आला.

"जुना दगड लावलास का मिस्त्री?"

"खूण बघा माझी."

हिरामणनं वाकून खूण बघितली. मग खळगे बघितले, एकाखाली एक तीन. "इतकी माणसा कवा चढली हितून?"

"एकटी गोजर चढते. पाण्याची कळशी घेऊन. आणि मी."

हिरामणनं पायरीवर टेकलेला हात हळूच उचलून धोतराला पुसला.

तो गेल्यावर महिपतीनं सुतळी लावली. आणि मग त्याला ते दिसलं, जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. चढणारा माणूस पाऊल पायरीच्या आत टाकतो, उतरणारा कडेवर टाकतो. म्हणून जुनी पायरी दोन्हीकडं झिजते. पोटात वाटी पडते आणि कड गोल होते. या तिन्ही पायऱ्यांची कड काल फोडल्यासारखी धारदार होती. झीज होती ती सगळी आतल्या बाजूला.

जे कोण होतं ते फक्त चढत होतं.

३

गोजरबाई खालच्या टाक्यातून पाणी आणायची. चुना कालवायला, दगड भिजवायला, प्यायला, अशा दिवसाला दहाबारा खेपा. अंगानं किरकोळ, पण कामाला वाघ. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरून ती कधी रडत बसली नव्हती. महिपतीला तिच्याशिवाय कामाला हुरूप येत नसे.

शुक्रवारी दुपारी ती चौथ्या पायरीवर येऊन थांबली. कळशी खाली ठेवली आणि डावा खांदा चोळू लागली.

"काय झालं?"

"काय नाही. तुमच्या पायऱ्या लागल्या की जड होतंय."

"कळशी अर्धी आणत जा."

"कळशी नाही जड होत." ती खांदा चोळतच म्हणाली, "हसू नका. कुणीतरी खांद्यावर हात टाकून चढतंय असं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला घाटात आपण हात देतो ना, तसं."

महिपती हसला नाही. तो म्हणाला, "थंडीनं अंग धरलं असंल. रातच्याला शेकून घे."

"खालच्या जुन्या पायऱ्यांवर काही नसतं. पहिल्या नव्या पायरीवर पाय ठेवला की येतं. आणि तुमच्यापाशी पोचले की सुटतं."

"आणि उतरताना?"

"उतरताना काही नाही. मी एकटीच उतरते."

त्यानं तिचा पदर बाजूला करून खांदा बघितला. कळशी ती उजव्या खांद्यावर घ्यायची. डाव्या खांद्यावर निळसर चार वळ होते, आखूड, शेजारी शेजारी. चुन्यानं कातडी जळते, कधी कधी असे डाग पडतात. महिपतीनं मनाशी तसं म्हणून बघितलं. चुना चार बोटांनी जळत नाही, हे त्याच मनानं लगेच सांगितलं.

"पुढच्या खेपा मी करतो," तो म्हणाला.

त्यानं दोन खेपा केल्या. त्याला काहीच जाणवलं नाही. पण तिसरी खेप गोजरनं हट्टानं केली, आणि ती चढत असताना तो वर कान देऊन उभा राहिला. तिचा श्वास त्याच्या ओळखीचा होता, भराभर, नाकातून. त्याच्या मागं दुसरा होता. संथ, तोंडानं घेतलेला, प्रत्येक पायरीला थांबणारा. घशात थोडी घरघर होती. फार थकलेलं माणूस घेतं तसा.

गोजर वर पोचली आणि दुसरा श्वास थांबला. माचीवरून वारा आला, हेद्याची वाळकी पानं खडखडली. वाराच असेल, असं महिपती स्वतःशी म्हणाला. त्यानं पाचवी पायरी बसवली. पाणसळ तीनदा लावावी लागली.

४

शनिवारी त्यानं काम बंद ठेवलं आणि तिघांकडं गेला.

हिरामण म्हणाला, "भैरोबाचा कोण असता तर मला सपनात तरी सांगितला असता. दर्ग्याकडं विचारा."

हवाबी पडवीत तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "पिराचा कोण चोरासारखा नाय येनार. आमचा मानूस येताना सलाम करतो. ठाकरांना विचार, त्यांचा देव जंगलाचा आहे."

ठाकरांचा म्हातारा चांगो खोपटाबाहेर उन्हात बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "आमचा मेला का आमच्यातच ऱ्हातो," तो म्हणाला. "पायरीनं कशाला जाईल? आमाला पायरी लागं ना."

"मग कोण आहे?"

"मला काय ठावा. पन एक सांगतो. जिथं पायऱ्या तुटल्या, त्या जागंला आमी बसत ना. बाप बसत ना म्हणून मी बसत ना. कशापायी ते बापालाबी ठावा नव्हता."

महिपतीला आठवलं, हिरामणनंही पहिल्या दिवशी त्याला त्या शेवटच्या जुन्या पायरीवर जेवायला बसू दिलं नव्हतं. तिथं इंगळ्या निघतात म्हणाला होता. आणि हवाबीनं गोजरला सांगितलं होतं, तिथं टेकू नको, जागा ओली असते. जागा कोरडी ठणठणीत होती आणि विंचू त्यानं एकही बघितला नव्हता. तिन्ही घरांनी ती पायरी मोकळी सोडली होती, प्रत्येकानं वेगळं कारण सांगून. कुणीतरी तिथं बसलेलं असावं आणि त्याच्या अंगावर आपण बसू नये, तशी.

संध्याकाळपर्यंत वाडीला सगळं कळलं. कुणी आरडाओरडा केला नाही. उलट वाडी गप्प झाली. पाणवठ्यावर बायका बोलेनात. कुणब्यांनी आपली गुरं दर्ग्याच्या वाटेनं न्यायची सोडली, ठाकरांनी देवळापुढून जाणं सोडलं. ज्याच्या त्याच्या मनात हेच, की हे दुसऱ्याचं आहे आणि आपल्या दारी येतं आहे.

रविवारी उजाडताच महिपती वर गेला. काल काम नव्हतं, नवी पायरी नव्हती. पाचव्या पायरीवरचं तरट त्यानं उचललं. तिच्यावर या वेळी एक खळगा नव्हता. दोन होते, शेजारी शेजारी, मूठभर खोल. पुढं वाट नाही म्हणून कुणी दिवसभर आणि रात्रभर एका जागी उभं राहावं, या पायावरून त्या पायावर भार टाकत, तसे.

त्यानं खाली येऊन हत्यारं बांधली.

५

"कुठं निघालो आपण?" गोजरनं विचारलं.

"घरी. हवाबीला सांगितलंय. दुसरा मिस्त्री बघा म्हणालो."

गोजरनं गोधडी गुंडाळली, भांडी बांधली. तिचा चेहरा दोन दिवसांत ओढला गेला होता. महिपतीनं हत्यारांची पिशवी आणि बोचकं दोन्ही स्वतः घेतलं. ऊन वर आलं होतं. वाडीच्या खालच्या वाटेवर भाताची खळी रिकामी पडली होती, लांब बारवीचं पाणी चमकत होतं. चांगलं, उघडं सकाळचं ऊन. त्याला वाटलं, एकदा बदलापूर गाठलं की आपण यावर हसू.

पहिल्या उताराला गोजर मागं पडली. त्यानं वळून बघितलं तर ती पाय पुढं टाकायच्या आधी जमिनीचा अंदाज घेत होती, आंधळ्यासारखा.

"ये ना."

"येते. खाली पाय टाकला की वाढतंय."

"काय वाढतंय?"

"वजन."

तो परत वर आला, तिचा हात धरला. हात गार पडला होता. दोघं दहा पावलं उतरली. अकराव्याला तिचा गुडघा मुडपला आणि ती वाटेच्या कडेला धोंड्यावर बसली. ओठ राखेसारखे झाले होते. डावा खांदा उजव्यापेक्षा टीचभर खाली आला होता. महिपतीनं तिला उचलायला पाहिलं. गोजरला त्यानं एकदा आजारपणात अंबरनाथच्या दवाखान्यापर्यंत पाठुंगळी नेलं होतं, तिचं वजन त्याला ठाऊक होतं. आज त्याला ती जागची हलवता आली नाही. पाथरवट माणूस, दोन माणसांचा दगड एकटा उलथवणारा.

आणि तिच्या मानेमागून तो श्वास येत होता. आता तो संथ नव्हता. घाबरा झाला होता. गर्दीत हात सुटेल म्हणून पोर घाबरतं तसा.

महिपतीनं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा काही न मोजता एक गोष्ट केली. त्यानं गोजरच्या काखेत हात घातले आणि तिचं तोंड डोंगराकडं वळवलं. ती उठली. एक पाऊल वर टाकलं, मग दुसरं. तिच्या ओठांवर रंग परत आला.

तिथंच वाटेत उभी राहून ती त्याला म्हणाली, "अवो, ते माझं वाईट करत नाही. त्याला वर जायचंय."

"म्हणून तू मरायचं?"

"मरायचं कुठं म्हणते मी? निम्म्यावर आणलंय त्याला. आता इथं टाकलं तर ते माझ्या अंगावरच राहील. तुम्ही पायऱ्या पुऱ्या करा."

"वर नेऊन काय होईल, कुणाला ठाऊक आहे? तिथं गेल्यावर सुटलं नाही तर?"

"नाही ठाऊक," गोजर म्हणाली. "पण सहाच पायऱ्या राहिल्यात."

६

त्या सहा पायऱ्या महिपतीनं सहा दिवसांत केल्या.

गोजरला त्यानं दुसऱ्या खेपा करू दिल्या नाहीत. दिवसाला एकदाच ती चढायची, नवी पायरी बसली की. बाकीचं पाणी हिरामणच्या सुना आणायच्या, बकऱ्यांच्या वाटेनं. दगड वाहायला आधी चार ठाकर होते, आता आठ झाले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. हवाबी गोजरच्या खांद्याला रोज तेल चोळी आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणत राही. गोजरची भूक गेली होती. दोन घास खाल्ले की ती पानावरून उठायची. केस विंचरताना तिला हात वर करता येत नसे, हवाबीच विंचरून देई.

रोज सकाळी महिपती तरट उचले. रोज खळगा असे, आणि प्रत्येक पायरीगणिक तो आधीच्यापेक्षा खोल. जणू चढणाऱ्याचा पाय दिवसेंदिवस जड होत चालला होता. नवव्या पायरीत त्याचं सबंध मनगट बुडालं. मनात एक हिशेबी माणूस अजून बसलेला होता, तो विचारत राही: ही इतकी झीज झाली, तर दगडाची भुकटी कुठं गेली? पायरीखाली, कडेला, तरटावर, कुठंही दगडाचा कण नव्हता. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना हात थांबवायचे नाहीत, एवढंच त्याला करता येत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी चांगो त्याच्याकडं आला. "मिस्त्री, उद्या शेवटली लावशील?"

"लावीन."

"वर तीन वाटा फुटतात. कुठं वळंल तो?"

"मला काय माहीत, बाबा."

"वाडी तेच इचारते," चांगो म्हणाला. "ज्याच्याकडं वळंल त्याचं पाप, असं पोरं बोलायला लागलीत. मी त्यांना बोललो, दुपारी सगळ्यांनी वर या. जे हाय ते डोळ्यांनी बघू. मग कुनाला कुनाकडं बोट दाखवाय नको."

७

शनिवारी दुपारी माचीवर अख्खी वाडी जमली. कुणबी देवळाच्या बाजूला उभे, ठाकर हेद्याखाली, आणि हवाबी आपल्या मुला-सुनेबरोबर दर्ग्याच्या पांढऱ्या भिंतीला टेकून. मध्ये मोकळी जागा. पौषाचं ऊन, आभाळात घारही नाही.

महिपतीनं अकरावी पायरी बसवली, सांध्यात चुना भरला. आज दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नव्हती, गोजरनं तसं सांगून ठेवलं होतं. तो वर सरकला आणि गुडघे टेकून बसला. त्यानं खाली हाक दिली, "ये."

गोजर शेवटच्या जुन्या पायरीपाशी उभी होती. हातात कळशी नव्हती. तिनं पदर डाव्या खांद्यावर नीट घेतला आणि पहिल्या नव्या पायरीवर पाय ठेवला.

तिचा खांदा खाली गेला. सगळ्यांनी बघितलं. पदर तिथं दाबला गेला, चार जागी.

ती चढू लागली. एका पायरीवर दोन्ही पाय आणायचे, थांबायचं, मग पुढची. तिचे पाय खळग्यांत पडत होते आणि खळगे तिच्या पायांपेक्षा लांब होते. माचीवर आता सगळ्यांना श्वास ऐकू येत होता. हिरामणच्या थोरल्या सुनेनं तोंडाला पदर लावला. सातव्या पायरीवर गोजर डगमगली. महिपती उठायला गेला, तिनं मान हलवून नको म्हटलं. घामानं तिचा चेहरा चकाकत होता.

आठवी. नववी. दहावीवर ती बराच वेळ उभी राहिली. श्वासातली घरघर वाढली होती. इतक्या जवळून महिपतीला कळलं, की तो श्वास घेणारंही घाबरलेलं आहे. वर जमलेल्या एवढ्या माणसांना घाबरलेलं.

काय करावं ते त्याला सुचेना. मग वाटेवर भेटलेल्या कुठल्याही वाटसरूला म्हणावं तसं त्याच्या तोंडून गेलं, "दमानं या. घाई नाही."

हिरामणनं त्याच्याकडं बघितलं. मग तोही म्हणाला, "या. आलाच आता." हवाबी काही म्हणाली ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही. चांगो दोन पावलं मागं सरला, आणि त्याच्याबरोबर सगळे ठाकर. मग कुणबीही सरले. मधली जागा आणखी मोकळी झाली.

गोजरनं अकराव्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसरा. मग ती माचीवर आली.

महिपती गुडघ्यांवर होता, डोळे जमिनीपासून हातभर. गोजरची पावलं त्याच्या समोरून गेली, आणि त्यांच्या मागं, पायरीच्या कडेवरून उचलली जाताना, त्याला एक टाच दिसली. एवढंच. राखाडी, रुंद, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडलेली टाच. वर घोटा होता की नव्हता ते त्यानं बघितलं नाही. पापणी लवली आणि समोर ओला चुना आणि ऊन होतं.

मग सगळ्यांनी ते ऐकलं. लांबून चालून आलेलं माणूस जमिनीवर टेकतं, गुडघे मोडतात, आणि छातीतली सगळी हवा एकदम बाहेर येते, तसा एक आवाज. मोकळ्या जागेत, अगदी मधोमध, किंवा जरा अलीकडं, किंवा पलीकडं. पुढं कुणालाही नक्की सांगता आलं नाही.

त्याच्यानंतर माची शांत झाली. ती शांतता वेगळी होती. एक चिमणी कुठूनशी येऊन देवळाच्या कौलावर बसली.

गोजर उभी होती. तिनं डावा खांदा हलवला, एकदा, दोनदा. हात डोक्याच्या वर नेला.

"गेलं?" महिपतीनं विचारलं.

"उतरलं."

"कुठं गेलं? कुठल्या वाटेनं?"

"मी मागं बघितलं नाही," ती म्हणाली. मग तिनं सगळ्यांकडं बघितलं, जरा ओशाळी झाली, आणि म्हणाली, "मला भूक लागली."

८

हवाबीच्या घरून भाकऱ्या आल्या, कुणब्यांकडून वालाचं बिरडं, ठाकरांनी मध आणला. सगळे तिथंच, मोकळ्या जागेच्या कडेकडेनं बसले. गोजरनं चार भाकऱ्या खाल्ल्या. खांद्यावरचे वळ महिपतीनं बघितले; ते पिवळे पडले होते, आठवडाभर जुन्या मारासारखे, आणि ती म्हणाली दुखत नाहीत. उतरताना ती नव्या पायऱ्यांवरून सगळ्यांच्या पुढं उतरली. तिच्या मागून हिरामणच्या सुना, मग ठाकरांच्या म्हाताऱ्या, मग जो तो. कुणी वळसा घातला नाही.

त्या संध्याकाळी हिरामण महिपतीला बाजूला घेऊन म्हणाला, "भैरोबाकडंच गेला. ओट्यावर ऊब लागली हाताला." महिपती म्हणाला, "असंल." थोड्या वेळानं हवाबी म्हणाली, "पिराकडं गेला रे, चादरीला सुरकुती पडलीय, मी सकाळीच घातलेली." तो म्हणाला, "असंल." दिवे लागायच्या वेळी चांगो आला आणि पडवीत टेकला. तोही तेच सांगायला आला होता. महिपतीनं त्याला बोलू दिलं आणि म्हणाला, "असंल, बाबा." त्याचं स्वतःचं मन विचारलं असतं तर त्याला काहीच सांगता आलं नसतं. दगड त्याला कळत होता. दगडावरून जाणारं कुठं जातं, हे पाथरवटाच्या कामात येत नव्हतं, आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

रात्री तो पडला तो दगडासारखा झोपला. तेरा दिवसांत पहिल्यांदा. सकाळी कुणी उठवलं नाही. ऊन पडवीत येऊन त्याच्या पायांवर चढलं तेव्हा त्याला बाहेरचा गलका ऐकू आला.

हवाबीची बकरी रात्री दावं तोडून देवळामागच्या वाफ्यात शिरली होती आणि हिरामणची वांगी तिनं साफ केली होती. हिरामण अंगणात उभा राहून म्हणत होता, की बकरी बांधायची अक्कल नसेल तर पाळू नये. हवाबी म्हणत होती, कुंपन घालायचा आळस आहे तो बकरीवर कशाला काढतोस, तुझ्या बापालाबी कुंपन घालता नाय आला. ठाकरांच्या दोन बाया पाण्याचे हंडे खाली ठेवून ऐकत उभ्या होत्या आणि मध्येच एकीची, मध्येच दुसऱ्याची बाजू घेत होत्या. गेले आठ दिवस या वाडीत कुणी कुणाशी भांडलं नव्हतं.

"भांडा सावकाश," गोजरचा आवाज आला, "ते झोपलेत." आणि ती हसली.

महिपतीनं डोळे उघडले नाहीत. गोधडी डोक्यावरून ओढून घेतली, कूस बदलली, आणि वांग्यांचं काय ठरतंय ते ऐकता ऐकता त्याला परत झोप लागली.